फादर मर्सेन यांची यादी

धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला एक नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एकदा लिहिलेली ओळ खोडायची नाही. पूर्वीच्या एखाद्या फादरांनी जन्मतारीख चुकीची लिहिली असेल, बाळाच्या आईचे नाव लिहिताना त्यांचा हात घसरला असेल, तरी मूळ अक्षरे तशीच राहू द्यायची. खात्री पटल्यावर समासात दुरुस्ती लिहायची, दिनांक घालायचा आणि खाली सही करायची. तरुणपणी हा नियम आम्हांला निव्वळ कारकुनी वाटे. पुढे वय वाढले, वह्या जुन्या झाल्या, त्यांचे समास भरत गेले, तसे त्या नियमातले शहाणपण उमगू लागले.

आज ज्या चुकीची हकीकत वाचकांपुढे ठेवावयाची आहे, ती एका कॅथलिक धर्मसंघीयाने १६४४ साली पॅरिसमध्ये छापलेल्या ग्रंथात केली. तिच्या समासातली शेवटची सही व्हायला १९४७ साल उजाडले. ही चूक श्रद्धेची नव्हती, नीतीचीही नव्हती. ती होती काही मोठ्या संख्यांविषयीची. गणिताचे नाव काढताच पान उलटू पाहणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे की त्यांनी क्षणभर थांबावे. शाळेत शिकलेल्या गुणाकार-भागाकाराहून अधिक असे येथे फारसे काही लागणार नाही.

बुद्धिबळाच्या पटाची आणि धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा ठेवायचा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, अशी दर घराला दुप्पट करीत जायचे. आता प्रत्येक घरापर्यंतच्या सर्व दाण्यांची बेरीज करून पाहावी. पहिल्या घरापर्यंत १, दुसऱ्यापर्यंत ३, तिसऱ्यापर्यंत ७, मग १५, ३१, ६३, १२७. प्रत्येक बेरीज पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा बरोबर एकाने कमी. आमच्या कथेतील सगळ्या संख्या या एकाच कुळातल्या आहेत.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने नि:शेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या. १५ ही मूळ नव्हे, कारण ती ३ आणि ५ यांचा गुणाकार आहे. आता आपल्या बेरजांकडे पाहा. दुसऱ्या घरापर्यंतची बेरीज ३, तिसऱ्यापर्यंतची ७, पाचव्यापर्यंतची ३१, सातव्यापर्यंतची १२७. या चारही मूळ आहेत आणि घरांचे क्रमांकही मूळ आहेत. घराचा क्रमांक मूळ नसेल तर बेरीजही मूळ असू शकत नाही, हे सिद्ध करता येते. मग घराचा क्रमांक मूळ असला की बेरीजही मूळ, असे म्हणण्याचा मोह होतो. अकराव्या घराशी हा मोह फसतो. तेथली बेरीज २,०४७ असून ती २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. तेव्हा प्रश्न असा उरतो की नेमक्या कोणत्या घरांपर्यंतची बेरीज मूळ असते?

हा प्रश्न कोणाला का पडावा? त्याचे मूळ प्राचीन आहे. ६ या संख्येला १, २ आणि ३ यांनी भाग जातो, आणि या तिघांची बेरीजही ६ च भरते. २८ चे भाजक १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणत. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात त्या मिळवण्याची रीत सिद्ध केली. ती पटाच्या भाषेत अशी सांगता येईल: बेरीज मूळ निघाली की तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणावे. ३ गुणिले २ म्हणजे ६. ७ गुणिले ४ म्हणजे २८. ३१ गुणिले १६ म्हणजे ४९६. १२७ गुणिले ६४ म्हणजे ८,१२८. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात सृष्टीच्या सहा दिवसांचा विचार करताना सहा या संख्येच्या परिपूर्णतेचा मुद्दाम उल्लेख केला आहे, आणि परमेश्वराने सर्व काही माप, संख्या आणि वजन यांनी नेमून दिले आहे या ज्ञानग्रंथातील वचनाचे स्मरण दिले आहे. संख्यांचा विचार हा देवाच्या घरातलाच विचार आहे ही जाणीव ख्रिस्तसभेत अशी जुनी आहे.

आता त्या धर्मसंघीयाकडे वळू. मारँ मर्सेन यांचा जन्म ८ सप्टेंबर १५८८ रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मदिनी, फ्रान्समधील एका लहान गावी झाला. ला फ्लेश येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १६११ साली त्यांनी मिनिम संघात प्रवेश केला. पाओलाचे संत फ्रान्सिस यांनी स्थापन केलेल्या या संघाच्या नावाचा अर्थच ‘सर्वांत लहान’ असा आहे, आणि इतर तीन व्रतांच्या जोडीला आयुष्यभर उपवासकाळाचा आहार घेण्याचे चौथे व्रत या संघीयांना घ्यावे लागे. मांस, अंडी, दूध, लोणी हे सारे वर्ज्य. सर्वांत लहान म्हणवून घेणाऱ्या संघातील या माणसाने सर्वांत मोठ्या संख्यांना हात घालावा, याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

१६१९ नंतर पॅरिसमधील मठातील त्यांची खोली हे युरोपातील विद्वानांचे जणू टपालघर झाले. त्या काळी विज्ञानाची नियतकालिके नव्हती. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ, तोरिचेल्ली, हायगेन्स यांसारखे लोक मर्सेनना पत्रे लिहीत. एकाचा शोध दुसऱ्याला कळवणे, एकाची शंका दुसऱ्यापुढे ठेवणे, हे काम मर्सेन निष्ठेने करीत. १६३३ साली गॅलिलिओंना रोममध्ये शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी मर्सेन यांनी गॅलिलिओंच्या यंत्रशास्त्रावरील लेखनाची फ्रेंच आवृत्ती प्रसिद्ध केली. १ सप्टेंबर १६४८ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या खोलीत अठ्ठ्याहत्तर व्यक्तींची पत्रे सापडली.

या पत्रांतच आमच्या संख्याही आल्या. १६४० साली फर्मा यांनी त्यांना एक सुरेख युक्ती कळवली. घराचा मूळ क्रमांक घ्यावा, त्याची दुप्पट करावी. त्या घरापर्यंतच्या बेरजेला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, ती या दुपटीच्या पटीत एक मिळवूनच आलेली असली पाहिजे. सदतिसाव्या घराचे उदाहरण पाहा. दुप्पट ७४. तेव्हा भाजक शोधायचा तो ७५, १४९, २२३ अशा संख्यांतच. ७५ मूळ नाही, १४९ ने भाग जात नाही, २२३ ने जातो! १,३७,४३,८९,५३,४७१ ही बारा अंकी संख्या २२३ आणि ६१,६३,१८,१७७ यांचा गुणाकार आहे. तत्पूर्वी काताल्दी या इटालियन गणितज्ञांनी हीच संख्या मूळ असल्याचे छापून टाकले होते.

आणि मग १६४४ साल आले. त्या वर्षीच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मर्सेन यांनी जाहीर केले की २५७ व्या घरापर्यंत केवळ अकरा घरांची बेरीज मूळ आहे: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. सिद्धता दिली नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सारा काळही पुरणार नाही, असे त्यांचे स्वतःचेच म्हणणे होते; आणि २५७ व्या घरापर्यंतची बेरीज तर अठ्ठ्याहत्तर अंकी आहे. हा विधानाचा धीर त्यांना कोठून आला, याविषयी तर्क पुष्कळ झाले आहेत. एवढे खरे की त्यांच्या हयातीत आणि नंतरही कित्येक पिढ्या त्यांना खोडून काढणे कोणालाही शक्य नव्हते. ते विद्वान होते, सज्जन होते, आणि त्यांचे नाव मोठे होते. यादी चालत राहिली.

पहिली कसोटी १७७२ साली लागली, आणि ती मर्सेन यांच्या बाजूने. लिओनार्ड ऑयलर हे एका प्रोटेस्टंट पाळकाचे पुत्र. सेंट पीटर्सबर्ग येथे, दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली असताना, त्यांनी एकतिसाव्या घरापर्यंतची बेरीज, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, ही मूळ असल्याचे सिद्ध केले. हिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या इतकी मोठी होती की १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञांनी लिहून ठेवले, हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही. कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या असून निरुपयोगी आहेत, तेव्हा त्यांच्यामागे लागण्याचे श्रम कोण घेईल? बार्लो गणित जाणत होते, पण माणसाला त्यांनी पुरते ओळखले नव्हते.

१८७६ साली एद्वार लुका या फ्रेंच गणितज्ञांनी अशी कसोटी शोधली की जिच्यात भाजक शोधावेच लागत नाहीत. पुढे लेहमर यांनी सुटसुटीत केलेल्या रूपात ती सांगतो. ४ पासून सुरुवात करावी. संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे. तपासावयाच्या बेरजेने भागून बाकी तेवढी ठेवावी. असे घराच्या क्रमांकाहून दोन कमी इतक्या वेळा करावे. शेवटी बाकी शून्य उरली तर बेरीज मूळ, न उरली तर नव्हे. पाचव्या घरापर्यंतची बेरीज ३१ आहे. तेव्हा तीन वेळा करू. ४ चा वर्ग उणे २ म्हणजे १४. १४ चा वर्ग उणे २ म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग उणे २ म्हणजे ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. आपल्या घरातील मुलांकडून हे अवश्य करवून घ्यावे. लुका यांनी आपल्या रीतीने दोन निर्णय दिले. १२७ व्या घरापर्यंतची एकोणचाळीस अंकी बेरीज मूळ आहे. येथे मर्सेन बरोबर होते. ६७ व्या घरापर्यंतची मूळ नाही. येथे मर्सेन चुकले. मात्र तिचे अवयव कोणते, हे लुका यांच्या रीतीने कळत नव्हते. चूक आहे एवढे कळले, दुरुस्ती काय ते कळले नाही.

यानंतर जो माणूस या कथेत येतो, त्याच्यासाठीच खरे म्हणजे आम्ही ही लेखणी उचलली. इव्हान पेर्वुशिन हे रशियातील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. १८२७ साली जन्मलेल्या पेर्वुशिन यांनी १८५२ मध्ये कझानच्या धर्मविद्यापीठातील शिक्षण पूर्ण केले. पुढे उरल पर्वताच्या पलीकडे, शाद्रिन्स्कजवळील झामाराएव्हो नावाच्या खेड्यात ते सुमारे पंचवीस वर्षे राहिले. १८६० साली तेथे त्यांनी शाळा काढली. बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, शाळेतली मुले हा खेड्यातल्या धर्मगुरूचा दिवस आम्हांला कोणी समजावून सांगायला नको. त्या दिवसातून उरलेल्या वेळात हा माणूस आकडेमोड करी. १८७७ आणि १८७८ साली त्यांनी फर्मा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन अवाढव्य संख्यांचे भाजक शोधून सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीला कळवले. त्यांपैकी दुसरी संख्या लिहायची झाली तर पंचवीस लाखांहून अधिक अंक लागतात!

आणि १८८३ साली त्यांनी सिद्ध केले की एकसष्टाव्या घरापर्यंतची बेरीज, २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, ही मूळ आहे. मर्सेन यांच्या यादीत ६१ नाही. म्हणजे यादीत एक संख्या खोटी होती, तशी एक खरी संख्या गळलीही होती. ही एकोणीस अंकी संख्या सरळ भागाकाराने तपासायची झाली तर सुमारे १५२ कोटींपर्यंतच्या संख्या पाहाव्या लागतील; एका भागाकाराला एक मिनिट धरून कोणी रात्रंदिवस बसला, तरी सुमारे २,९०० वर्षे लागतील. पेर्वुशिन यांच्याजवळ यंत्र नव्हते. युक्ती होती, कागद होता आणि सबुरी होती. त्या वेळी ठाऊक असलेल्या मूळ संख्यांत लुका यांच्या संख्येनंतर हिचाच क्रमांक लागे. पुढे शाद्रिन्स्कला असताना स्थानिक अधिकाऱ्यांची थट्टा करणारा लेख त्यांनी लिहिला, आणि शिक्षा म्हणून १८८७ साली त्यांची मेखोन्स्कोये या खेड्यात रवानगी झाली. १९०० साली ते वारले. गणितात ती संख्या आजही पेर्वुशिन यांच्या नावाने ओळखली जाते.

६७ चा निकाल मात्र अर्धाच लागला होता. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी तो पूर्ण केला. त्या सभेची हकीकत पुढे एरिक टेंपल बेल यांनी लिहिली. बेल यांची लेखणी रंगतदार होती, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. कोल फळ्यापाशी गेले. एक शब्दही न बोलता त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या संख्या मांडून त्यांचा हाताने गुणाकार केला. दोन्हीकडे एकच उत्तर आले: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. खडू ठेवून ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. फर्मा यांच्या युक्तीने पाहिले तर हा लहान भाजक ६७ च्या दुपटीच्या, म्हणजे १३४ च्या, १४,४५,५८० पटीत एक मिळवून येतो. सदतिसाव्या घराचा भाजक तिसऱ्याच पायरीवर सापडला होता. हा चौदा लाखांच्या पलीकडे लपला होता. हे शोधायला किती वेळ लागला, असे बेल यांनी विचारले तेव्हा कोल यांनी उत्तर दिले म्हणे, तीन वर्षांचे रविवार. धर्मगुरू या नात्याने आमच्या कपाळावर येथे एक आठी उमटते. पण सत्याच्या शोधात गेलेल्या त्या रविवारांचा हिशेब परमेश्वराने उदारपणे केला असेल, असा आमचा विश्वास आहे.

उरलेली कथा थोडक्यात सांगतो. १९११ आणि १९१४ साली अमेरिकेतील पॉवर्स या हौशी गणितज्ञांनी ८९ आणि १०७ ही घरेही यादीतून गळल्याचे दाखवले. २५७ ची बेरीज मूळ नसल्याचे लेहमर यांच्या गणनेतून स्पष्ट झाले. शेवटच्या काही घरांची तपासणी उहलर यांनी १९४७ साली संपवली. खरी यादी अकरांची नसून बारांची निघाली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१, ८९, १०७ आणि १२७. मर्सेन यांच्या एकूण चुका पाच: दोन खोट्या आणि तीन राहिलेल्या. त्या नीट व्हायला ३०३ वर्षे लागली. आता हे काम संगणक करतो. १९९६ पासून जगभरचे हजारो लोक आपापले संगणक या शोधाला जोडत आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली या कुळातील मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे.

आणि या सर्व संख्यांना नाव कोणाचे? मर्सेन यांचेच. ज्यांनी यादी दुरुस्त केली, त्यांनी यादीकाराचे नाव पुसले नाही. त्यांनी प्रश्न विचारला नसता तर कोणी उत्तर शोधलेच नसते, ही कृतज्ञता त्यामागे आहे.

या कथेचा आम्हांला वैयक्तिक उपयोग झाला, तो सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी पुनरुत्थानकाळातील एका रविवारी आम्ही संत योहानाच्या शुभवर्तमानातील जाळ्यात सापडलेल्या १५३ माशांवर प्रवचन केले. संत ऑगस्टीन यांचा दाखला देऊन आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले की एकपासून अठरापर्यंतच्या संख्यांची बेरीज १५३ होते. मिस्सेनंतर अंगणात एक शाळकरी मुलगी पुढे आली. “फादर, सतरापर्यंतच एकशे त्रेपन्न होतात. अठरापर्यंत केले तर एकशे एकाहत्तर,” ती हळूच म्हणाली. आसपास माणसे उभी होती. “बरं बरं, बघू,” असे म्हणून आम्ही आत निघून गेलो. तिचे बरोबर होते, हे आम्हांला पायऱ्या चढतानाच कळले होते. ऑगस्टीनही सतराच म्हणतात. त्या लेकराला उत्तर द्यायचे टाळले, ते अज्ञानामुळे नव्हे.

पुढच्या रविवारी वेदीवरून आम्ही आमची चूक सांगितली आणि ती कोणी दाखवली तेही सांगितले. मुलगी लाजून आईमागे दडली. प्रवचन विसरलेल्या पुष्कळांना ती दुरुस्ती मात्र आठवणीत राहिली आहे, असे आम्हांला अजूनही आढळते.

संख्या कोणाचा अधिकार पाहत नाही. झग्याला, वयाला, नावलौकिकाला ती ओळखत नाही. पॅरिसच्या विद्वानाने सांगितले म्हणून ६७ व्या घराची बेरीज मूळ झाली नाही, आणि उरलपलीकडच्या खेड्यात कोणी विचारीत नव्हते म्हणून एकसष्टाव्याची मूळ असायची राहिली नाही. सत्य परमेश्वराचे आहे आणि ते आपल्या आधीपासून तेथे आहे. आपल्याकडे असते ती वही. तीत आपण जपून लिहावे. चुकलो तर खोडू नये. आणि दुसऱ्या कोणाला, मग तो परक्या पंथाचा धर्मगुरू असो की अंगणातली शाळकरी मुलगी, समासात सही करू द्यावी.